समुपदेशन की मध्यस्थी : विभक्त होणाऱ्या पालकांसमोरचे दोन मार्ग

विभक्त होण्याच्या वाटेवरचे आईवडील न्यायालयात गेले की समुपदेशन आणि मध्यस्थी हे दोन शब्द त्यांच्या कानावर एका दमात पडतात. दोन्हीकडे दार लोटून बोलायचे असते आणि दोन्हीकडे समजुतीची भाषा असते, त्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या अनेक पक्षकारांना ते एकच वाटतात. वास्तविक दोहोंचा हेतू वेगळा आहे, आणि तिथे बोललेल्या शब्दाचे पुढे काय होते, हेही वेगळे आहे.

समुपदेशनाचा पाया कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ मध्ये आहे. कलम ६ मध्ये समुपदेशकांची तरतूद आहे, तर कलम ९ तडजोडीचा प्रयत्न करण्याची जबाबदारी खुद्द न्यायालयावर टाकते. समुपदेशकापुढचा प्रश्न नात्याचा असतो : संसार टिकण्यासारखा आहे का, आणि नसेल तर दोघांच्या रागाची झळ मुलाला किती लागते आहे. दोघांपैकी एकाच्याही मनात अजून ‘बघूया’ शिल्लक असेल, तर आधी समुपदेशनच घ्यावे. अडचण अशी की, दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत कुटुंब न्यायालय स्थापणे कायद्याने बंधनकारक केले आहे. इतरत्र ते शासनाच्या निर्णयावर सोडले आहे. जिथे असे न्यायालय नाही, तिथे हिंदू विवाह अधिनियमाखालचे अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतात आणि पूर्णवेळ विवाह समुपदेशक हाताशी असेलच असे नाही. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २३ नुसार समेटाचा प्रयत्न तिथेही करावा लागतो, पण दालनातली दहा मिनिटे म्हणजे समुपदेशन नव्हे.

मध्यस्थी सुरू होते ती वेगळे व्हायचे ठरल्यावर, निदान वेगळे राहणे अटळ झाल्यावर. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली न्यायालय प्रकरण मध्यस्थाकडे पाठवू शकते. हा मध्यस्थ, बहुतेक वेळा प्रशिक्षण घेतलेला वकील किंवा न्यायाधीश, निकाल देत नाही; दोघांना जमेल असा करार त्यांच्याच तोंडून काढून घेतो. गरज पडल्यास स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

किनाऱ्यावरच्या कुटुंबांना मध्यस्थी अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण कॅलेंडरात आहे. समजा, वडील हर्णै बंदरातल्या बोटीवर खलाशी आहेत आणि आई मुलाला घेऊन राजापूरला माहेरी राहते. न्यायालयाच्या ठरीव आदेशात ‘दुसऱ्या व चौथ्या रविवारी सकाळी अकरा ते सायंकाळी पाच’ अशी भेट लिहिली जाते. त्या रविवारी बोट समुद्रात असते, मूल नवे कपडे घालून ओट्यावर वाट बघत बसते आणि पुढच्या तारखेला ‘वडील येतच नाहीत’ असा अर्ज पडतो. यांत्रिक मासेमारीला महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै बंदी असते. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, म्हणून बंदीचा पहिला पंधरवडा सलग वडिलांकडे आणि जुलैअखेरपर्यंत प्रत्येक शनिवार-रविवार, बोट सुटल्यावर मात्र ती किनाऱ्याला लागेल त्याच्या दुसऱ्या दिवशी, असे कलम मध्यस्थीच्या टेबलावर लिहून घेता येते. मुंबईत नोकरीला असलेल्या चाकरमान्या वडिलांसाठी हेच गणित गणपती, शिमगा आणि मे महिन्याच्या सुटीचे असते.

आता गोपनीयता, जिथे लोक हमखास फसतात. मध्यस्थीत दिलेला प्रस्ताव किंवा कबुली नियमानुसार पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही. समुपदेशनातले बोलणेही सर्वसाधारणपणे गोपनीयच असते. परंतु मुलाच्या ताब्याचा वाद असेल, तर समुपदेशकाने मुलाशी बोलून दिलेला अहवाल न्यायालय विचारात घेऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. म्हणून मुलाला पढवून नेऊ नये. अशी पढवणूक अनुभवी समुपदेशकाच्या लक्षात येते आणि ती अहवालातही उतरू शकते.

मारहाण किंवा धमकी असेल, तर मध्यस्थीला घाईने होकार देऊ नये. समोरच्याला घाबरणारे माणूस टेबलावर बरोबरीने बोलू शकत नाही. तिथे आधी कौटुंबिक हिंसाचार अधिनियम, २००५ खाली संरक्षणाचा आदेश घ्यावा. त्याच कायद्याच्या कलम २१ नुसार मुलाचा तात्पुरता ताबाही मागता येतो.

वेळेच्या दृष्टीने मध्यस्थीचे पारडे जड आहे. परस्परसंमतीच्या घटस्फोटात दुसऱ्या अर्जापूर्वीचा सहा महिन्यांचा काळ न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले. मात्र समेटाचे प्रयत्न फसलेले असणे आणि पोटगी, मुलाचा ताबा हे विषय खरोखर मिटलेले असणे, या बाबी त्यासाठी पाहिल्या जातात. मध्यस्थीत झालेला सह्यांनिशीचा करार इथे थेट कामी येतो.

मुलाविषयीच्या अटी मात्र कायमच्या नसतात. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली त्या पुढे बदलून मागता येतात. तरीही आज तिसरीत असलेले मूल दहावीत गेल्यावर भेटीचे वेळापत्रक कसे असेल आणि क्लासची फी कोण भरेल, याची ओळ मसुद्यात आत्ताच घालून घ्यावी.