एकच मेडिकल, एकच चिठ्ठी: आई-बाबांच्या गोळ्यांचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनपासून आई-बाबांची महिन्याची औषधं मी कोल्हापुरात घराजवळच्या एकाच मेडिकलमधून घेतोय. त्याआधी जिथे गाडी लावायला जागा मिळेल तिथून घ्यायचो. त्याचा त्रास बाबांना झाला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बाबांना बीपीसाठी टेल्मिसार्टन ४०, साखरेसाठी मेटफॉर्मिन ५०० आणि कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन १०. आईला थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी आणि झोपेसाठी पाव मिलिग्रॅम अल्प्राझोलाम. मे महिन्यात एका दुकानात बीपीची नेहमीची गोळी संपली होती. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "तेच आहे, फक्त कंपनी वेगळी," आणि दुसरी पट्टी दिली. घरी येऊन मी ती डब्यात टाकली, बाबांना सांगायचं राहून गेलं. डब्यात जुन्या पट्टीतल्या सहा गोळ्या उरल्या होत्या. नाव वेगळं, पट्टीचा रंग वेगळा; बाबांना वाटलं, डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. सहा दिवस त्यांनी दोन्ही घेतल्या. एका सकाळी अंथरुणातून उठताना ते भिंतीला धरून खालीच बसले. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या पट्ट्या मागवल्या, त्या दोन शेजारी ठेवल्या आणि मोठ्या नावाखालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. दोन्हींवर टेल्मिसार्टन.

तेव्हापासून चिठ्ठी मोठ्या, सुट्या अक्षरांत आणि औषधाच्या मूळ नावानं लिहून मिळते. डॉक्टरांनी असंच लिहावं, असं तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलनं २०१६ मध्ये सांगितलेलं आहे. आपण मागितलं तर डॉक्टर रागावत नाहीत, हा माझा अनुभव.

नव्या मेडिकलमध्ये फार्मासिस्ट ताई स्वतः काउंटरला असतात. पहिल्याच दिवशी त्यांनी चिठ्ठी वाचून मला परत पाठवलं. तारीख होती, सही होती, पण किती दिवसांच्या गोळ्या द्यायच्या ते नव्हतं आणि पुन्हा द्यायच्या की नाही तेही नव्हतं. मी वैतागलो होतो. नंतर कळलं, १९४५ च्या औषध नियमांत हे सगळं लिहिलेलं आहे: रुग्णाचं नाव-पत्ता, तारीख, सही, एकूण किती औषध आणि डोस. 'पुन्हा द्यावे' असं डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर ती चिठ्ठी एकदाच चालते. आता तपासणीच्या खोलीतून उठण्याआधीच मी म्हणतो, "डॉक्टर, तीन महिने रिपीट असं लिहाल का?" दोन शब्दांचं काम, पण माझे दर महिन्याचे दोन हेलपाटे वाचले.

महिन्याचा क्रम असा बसलाय. २४-२५ तारखेला ताईंना व्हॉट्सअ‍ॅपवर चिठ्ठीचा फोटो पाठवायचा, घरात काय शिल्लक आहे तेही लिहायचं. जे नाही ते त्या मागवून ठेवतात. २८ ला मूळ चिठ्ठी घेऊन जायचं; त्या शिक्का आणि तारीख टाकतात. काउंटरवरच प्रत्येक पट्टीचं बारीक नाव चिठ्ठीशी जुळवायचं आणि एक्स्पायरी बघायची. पाच मिनिटं लागतात. मागे रांग असली तरी मी ती पाच मिनिटं घेतोच.

आईच्या झोपेच्या गोळीचा नियम मात्र आणखी कडक आहे. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-वन मध्ये, म्हणजे वेगळी नोंद ठेवूनच विकायच्या औषधांच्या यादीत येतं. डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. "ओळखीचे आहात तर द्या की" असं म्हणून त्यांना अडचणीत आणू नका. आई एकदा म्हणाली होती, त्या हसल्या आणि ठाम राहिल्या. मला त्या वेळी त्यांच्याबद्दल विश्वास वाटला.

ताईंमुळे कळलेली सगळ्यात कामाची गोष्ट पावसाळ्यातली. गोळ्या चुकू नयेत म्हणून मी सोमवार ते रविवारचा प्लास्टिकचा डबा आणला होता आणि आठवड्याच्या गोळ्या पट्टीतून काढून त्यात भरायचो. ताईंनी विचारलं, टेल्मिसार्टनही काढता का? ती गोळी हवेतली ओल ओढते, म्हणून जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत येते. घ्यायच्या वेळीच फोडायची. आणि आमच्याकडे जुलैत मीठसुद्धा पाणी सोडतं! आता ती पट्टीतच कापून डब्यात ठेवतो. इतकी वर्षं हे कुणी सांगितलं नव्हतं.

मूळ नावानं लिहिलेल्या चिठ्ठीवर दुकानदार कुठल्याही कंपनीची गोळी देऊ शकतो, हेही लक्षात घ्या. बाकीच्या गोळ्यांना आमची हरकत नाही, फक्त बदलली की पट्टीवर मार्करनं 'बीपी' किंवा 'साखर' लिहून मिळतं. थायरॉइडची कंपनी मात्र बदलू द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. बदललीच तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासायचा. ऑक्टोबरमध्ये नेमकी तीच दुकानात संपली होती. फोन आधी आला असता तर बरं झालं असतं. मला तिथे गेल्यावर कळलं आणि चार दिवस थांबावं लागलं. घरात आठवड्याच्या गोळ्या जास्तीच्या ठेवतो म्हणून निभावलं.

दुसरी अडचण रविवारची. दुकान बंद असतं. २८ तारीख रविवारी आली तर शनिवारीच जातो. सूट ऑनलाइनपेक्षा कमी मिळते, हे खरं आहे. म्हणून मेटफॉर्मिन आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घ्यायला लागलो. त्या दोन्हींचं बिल निम्म्याहून खाली आलं. तिथली पट्टीही ताईंना दाखवतो. आपण न विकलेली गोळी त्या तितक्याच लक्षानं वाचतात.

बाबांचं बीपी चार महिने जागेवर आहे. परवा पहिल्यांदाच ते स्वतः मेडिकलमध्ये गेले, चष्मा काढून पट्टीवरचं बारीक नाव वाचलं आणि मला फोन करून म्हणाले, "टेल्मिसार्टनच आहे रे, घेऊ ना?"