बॅच नंबर बघणाऱ्या माणसाने दाताचं स्टिकर मागितलं नाही

आमच्या आप्पांच्या दातांवर गेलेली रक्कम आधी सांगतो: 96,496 रुपये. चार इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचे स्क्रू) 9,999 प्रमाणे 39,996, चार अबटमेंट (स्क्रू आणि कॅप जोडणारा भाग) 4,500 प्रमाणे 18,000, चार कॅप 6,000 प्रमाणे 24,000, 'हाडाची पावडर' 12,000, स्कॅन 2,500. पावती म्हणाल तर कोऱ्या चिठ्ठीवर पेनाने केलेली बेरीज. त्यातले साठ हजार रोख, सोयाबीनचे.

तालुक्याच्या गावात मोफत दंत तपासणी शिबिर आणि '9,999 मध्ये पक्का दात' असा फलक. पुढचं सांगायला नको. फलकावरचा आकडा नुसत्या स्क्रूचा असतो, हे मलाही कळत होतं. तरी गेलो. आप्पांच्या खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा गेलेल्या, कवळी टिकत नव्हती. भाकरी दुधात कुस्करून खाणाऱ्या माणसाला कुणी "यंदा हुरडा खाल" म्हटलं, तर त्याला काय सांगून थांबवणार?

लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. माझं औषधाचं दुकान आहे. बॅच नंबर आणि एक्सपायरी बघितल्याशिवाय मी पाच रुपयांची पट्टी फडताळात ठेवत नाही. आणि त्या दिवशी दारात उभा राहून बघत होतो, तर स्क्रू ट्रेमधल्या गॉजच्या तुकड्यावर आधीच मोकळे पडलेले. इम्प्लांट सीलबंद निर्जंतुक नळीत येतं, रुग्णासमोर फोडायचं असतं. डब्यावर लॉट नंबर, व्यास, लांबी लिहिलेलं निघणारं स्टिकर असतं. एक केसपेपरवर, एक रुग्णाच्या कार्डावर. वैद्यकीय उपकरणाच्या लेबलवर लॉट नंबर हवाच, हे 2017 च्या नियमांत आहे आणि मला ते पाठ आहे. तरी तोंड उघडलं नाही. डॉक्टरांवर अविश्वास दाखवायचा कसा, असं वाटलं. माझ्या जागी तुम्हीही गप्प राहिला असता.

तिसऱ्या दिवशी कॅप बसवल्या. लगेच दात बसवणं मुळातच खोटं नाही. स्क्रू हाडात साधारण 35 न्यूटन-सेंटीमीटर जोराने आवळला गेला, हाड चांगलं असलं आणि कॅप समोरच्या दाताला लागू दिली नाही, तर काही जण ते करतात. पण चावायच्या दाढेला खालच्या जबड्यात तीन-चार महिने आणि वरच्यात चार ते सहा महिने थांबणं हाच सरधोपट मार्ग, कारण टायटॅनियमला हाड चिकटायला तेवढा वेळ लागतोच. आप्पांची साखर कुणी तपासली नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी सोडा, साधी बोटातलीही नाही. तंबाखू खाता का, हेही विचारलं नाही. मराठवाड्यातल्या साठीच्या माणसाला हा प्रश्न न विचारणारा दाताचा डॉक्टर!

सहाव्या आठवड्यात उजवीकडची कॅप स्क्रूसकट हातात आली. न दुखता. दुखलं नाही म्हणून आप्पा आठ दिवस 'जरा हलतंय' म्हणत राहिले. इम्प्लांट हलायला लागलं की ते गेलं, दुखो वा न दुखो. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तर स्क्रू 2.5 मिलिमीटर. दाढेला साधारण 4 ते 5 चा घालतात. हा मिनी इम्प्लांट, मुख्यतः कवळी अडकवायचा. याचं डोकं त्याच धातूत घडवलेलं, एकसंध. म्हणजे अबटमेंट नावाचा वेगळा भाग यात नसतोच. 18,000 रुपये नसलेल्या भागाचे घेतले. स्कॅनही सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, म्हणून सांगितला, हातात आली ती ओपीजीची, म्हणजे जबड्याच्या साध्या एक्स-रेची, एक सपाट फिल्म. त्यात हाडाची रुंदी दिसत नाही. खालच्या जबड्यातल्या नसेपासून किमान 2 मिलिमीटर अंतर सोडायचं असतं, नाहीतर ओठ बधिर होतो. ते यांनी कशावरून मोजलं, देव जाणे.

दवाखाना आता बंद, फोन बंद. पोलीस ठाण्यात म्हणाले, ही डॉक्टरी बाब आहे. आरोग्य खात्याच्या कार्यालयात म्हणाले, दाताचं आमच्याकडे नाही, डेंटल कौन्सिलला लिहा. लिहिलं. दोन महिन्यांनी विचारणा आली: डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक कळवा. शिबिराच्या फलकावर मोबाइल नंबर होता, नोंदणी क्रमांक नव्हता. तो शोधायचं काम आमचं? वर एका साहेबांनी विचारलं, "इम्प्लांट कोणत्या कंपनीचं होतं?" परत तेच स्टिकर. शिकलेला माणूस असून पावती कशी घेतली नाही, हेही तिथेच ऐकलं. चूक आमची, आणि हेलपाटेही आमचेच.

पैसे द्यायच्या आधी लेखी अंदाजपत्रक घ्या: स्क्रू, अबटमेंट, कॅप, ग्राफ्ट (म्हणजे ती हाडाची पावडर), स्कॅन वेगवेगळे, कंपनी आणि मापासकट. टप्प्याटप्प्याने द्या, कॅपचे पैसे कॅपच्या दिवशी. 'पावडर' घातली तर तिच्या कुपीलाही स्टिकर असतं. स्क्रू घातल्यावरचा एक्स-रे मोबाइलवर मागा. शंका आली तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, आधी तिथे दाखवा. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. रोख दिलेले साठ हजार सिद्ध कसे करायचे, हे मात्र आम्हाला अजून कुणी सांगितलेलं नाही.

डावीकडचे दोन स्क्रू अजून आत आहेत. काढताना प्रत्येक तुकडा कॅपसकट आमच्या हातात द्या, असं नव्या डॉक्टरांना सांगून ठेवलंय.