कातरलेली विंडोज ११: स्वतः बनवलेली इन्स्टॉलेशन डिस्क काही महिने वापरल्यावर

जुना लॅपटॉप वेगवान करायचा असेल तर आधी त्यातली फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, विंडोज कातरायचं, म्हणजे तिच्यातलं नको ते काढून ती हलकी करायचं, नंतर बघा. हे आधीच सांगतो, कारण या विषयावरचे जे व्हिडिओ फिरतात त्यांत मशीन नुसतं पळायला लागतं. माझ्याकडे चौथ्या पिढीचा आय-५ आणि ४ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, तसलेच दोन दाजींच्या कर सल्लागाराच्या ऑफिसात आहेत. गेल्या पावसाळ्यापासून तिन्हींवर मी घरी कातरलेली विंडोज ११ चालू आहे. मशीन सुरू होऊन स्थिरावलं की मूळ विंडोजपेक्षा साधारण अर्धा जीबी रॅम मोकळी दिसते. ८ जीबीवाल्याला हा फरक कळणारही नाही. ४ जीबीवर ब्राउझर आणि एक्सेल एकत्र चालतात, आमच्यासाठी तेवढं पुष्कळ.

मग एवढा खटाटोप का? विंडोज १० चा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे ठरलेलं होतं, आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी लागते. ही मशीनं त्यात बसत नाहीत. म्हणजे इन्स्टॉलेशन डिस्कमध्ये हात घालावा लागणारच होता. घातलाच आहे तर नको असलेलं सामानही बाहेर काढू, असा विचार केला. शिवाय एक्सपीच्या काळात एनलाइट हे विंडोजची सीडी कातरायचं साधन घेऊन ७०० एमबीच्या सीडीत सर्व्हिस पॅक ३ आणि साटा ड्रायव्हर कोंबायची खोड होतीच.

कुणीतरी कातरून ठेवलेली तयार आयएसओ (पूर्ण डिस्कची एका फायलीतली प्रत) मात्र उतरवून घेऊ नका. तिच्यात काय काढलंय ते कळतं, काय घातलंय ते कळत नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मूळ आयएसओ घ्यायची, तिथे दिलेल्या हॅशशी (फाईल अस्सल आहे का ते कळण्यासाठीच्या आकड्याशी) ताडून बघायची आणि कात्री आपल्या घरी चालवायची. परवाना लागतोच, डिस्क हलकी झाली म्हणून तो माफ होत नाही. खिडक्या-बटणांचं साधन हवं असेल तर एनटीलाइट चांगलं आहे, पण फुकट आवृत्तीत बऱ्याच गोष्टींना कुलूप आहे. मी एनटीडेव्ह या डेव्हलपरची टायनी११ बिल्डर ही पॉवरशेल स्क्रिप्ट घेतली. सगळं मुख्य काम ती मायक्रोसॉफ्टच्याच डिझम या विंडोजची इन्स्टॉल फाईल उघडून बदलणाऱ्या साधनाकडून करून घेते, आणि नोटपॅडमध्ये उघडून ओळ न् ओळ वाचता येते. वाचलीच पाहिजे, कारण तिच्यातली काढायची यादी आपल्याला सोयीची असेलच असं नाही.

आत काय चालतं ते थोडं सांगतो. सगळी विंडोज इन्स्टॉल डॉट विम या एका फायलीत असते. तिच्यात होम, प्रो, एज्युकेशन अशा बऱ्याच आवृत्त्या असतात, म्हणून पाहणाऱ्याला वाटतं की एक ठेवून बाकीच्या काढल्या की फाईल पाव होईल. तसं होत नाही. विममध्ये सारखी फाईल एकदाच साठवलेली असते, त्यामुळे आवृत्त्या काढून फारसं काही वाचत नाही. दुसरी गंमत म्हणजे माउंट करून (फोल्डरसारखी उघडून) आतलं कितीही काढलं आणि सेव्ह केलं तरी फाईल आकसत नाही. ती नव्याने एक्स्पोर्ट केली तरच आकसते. एक्स्पोर्ट करताना ईएसडी प्रकारचं घट्ट कॉम्प्रेशन निवडलं तर खरा फरक पडतो, पण तेवढा वेळ प्रोसेसर तापून पंखा ओरडत राहतो. मूळ आयएसओ ५ जीबीच्या वर होती, माझी साडेतीनच्या आसपास आली. ४.७ जीबीच्या साध्या डीव्हीडीवर ती मावते. त्याहून उपयोगाचं म्हणजे इन्स्टॉलची फाईल ४ जीबीच्या आत आल्याने एफएटी३२ पेन ड्राइव्हवरही तुकडे न करता जाते.

टीपीएमची अट वेगळ्या फायलीत, बूट डॉट विममध्ये हाताळावी लागते, कारण सेटअप चालतो तो तिच्यातून. लोकल खात्याची (मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय लॉगिनची) सोय सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेल्या एक्सएमएल फायलीने होते. जुन्या विंडोजमधून वाय-फायचे ड्रायव्हर एक्स्पोर्ट करून डिस्कमध्ये घातले आणि इन्स्टॉल झाल्या झाल्या नेट चालू झालं. सगळ्या उद्योगात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

आता यादीबद्दल. क्लिपचॅम्प, एक्सबॉक्स, सॉलिटेअर, बातम्या, हवामान, वनड्राइव्ह हे सगळं गेलं, कुणी विचारलंही नाही. पण सर्व्हिसेस (मागे चालणारे प्रोग्रॅम) बंद करायच्या ज्या याद्या सापडतात त्यांत स्मार्ट कार्ड सर्व्हिसही असते. ज्यांनी त्या बनवल्या त्यांच्या घरी तिचा उपयोग नसेल. आपल्याकडे जीएसटी, कंपनी कायद्याची रिटर्न्स, ई-टेंडर यांना डिजिटल सहीचं यूएसबी टोकन बऱ्याचदा लागतं, आणि ते टोकन विंडोजला स्मार्ट कार्ड म्हणूनच दिसतं. ती सर्व्हिस उडवली तर रिटर्नच्या शेवटच्या तारखेला दाजी मला घरात घेणार नाहीत. प्रिंट स्पूलर (छपाईची सर्व्हिस), डिफेंडर (विंडोजचा अँटीव्हायरस) आणि वेबव्ह्यू२ (ॲप्सच्या आत वेबपान दाखवणारा एज ब्राउझरचा भाग) पण ठेवले. एज काढणाऱ्या बऱ्याच स्क्रिप्ट वेबव्ह्यू२ सोबतच नेतात आणि मग त्यावर उभी असलेली दुसरी ॲप्स उघडत नाहीत.

मराठीवाल्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. विंडोज ११ मध्ये देवनागरीसाठी निर्मला यूआय हा फाँट मुळातच असतो, मंगल मात्र नसतो. तो वेगळ्या पुरवणी फाँटच्या संचात आहे आणि गरज पडली की विंडोज अपडेटमार्फत उतरतो. सरकारी ऑफिसांतल्या जुन्या वर्ड फायली बहुतेक मंगलमध्येच. तो नसेल तर अक्षरं दिसतात, पण रुंदी बदलते, तक्ते सरकतात आणि दोन पानांचा अर्ज तिसऱ्या पानावर सांडतो. कीबोर्डची अडचण नाही, इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही व्यवस्थित चालतात.

याच कारणासाठी टायनी११ चा कोअर नावाचा जो अतिहलका प्रकार आहे तो रोजच्या मशीनवर टाकू नये. एका रिकाम्या लॅपटॉपवर तो मुद्दाम चालवून पाहिला. त्यात कॉम्पोनंट स्टोअरच (विंडोजच्या सुट्या भागांचा साठा) काढलेलं असतं, अपडेट आणि डिफेंडर बंद, रिकव्हरीही नाही. नंतर भाषा किंवा फीचर घालता येत नाही, म्हणजे मंगलही त्या मार्गाने येणार नाही. बनवणाऱ्यानेच तो चाचणीपुरता आहे असं स्पष्ट लिहून ठेवलंय, तरी लोक ऑफिसात टाकतात आणि मग रडतात.

साध्या कातरलेल्या डिस्कवर दर महिन्याचे सुरक्षा अपडेट आतापर्यंत बिनबोभाट आले. काढलेल्यांपैकी नवं आउटलुक मध्ये एकदा आपणहून परत आलं, राइट क्लिक करून काढलं. विंगेट (कमांडने ॲप्स बसवायचं साधन) आधी स्टोअरमधून अपडेट करावं लागतं, नाहीतर त्यातून काही बसवता येत नाही. दाजींच्या माळ्यावरच्या कोअर २ ड्युओ प्रोसेसरच्या जुन्या मशीनला यातून काही फायदा नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज प्रोसेसरकडे पॉपसीएनटी ही सूचना मागते आणि ती त्या चिपमध्येच नाही, कितीही कातरा. त्यावर मी लिनक्स मिंट टाकलं.

मुख्य कटकट वर्षाच्या मोठ्या आवृत्तीची. अपात्र मशीनला ती सहसा आपणहून येत नाही, नवी आयएसओ घेऊन डिस्क पुन्हा बनवावी लागते. पॅकेजच्या नावात आवृत्तीचा आकडा असतो, म्हणून यादी पूर्ण नावांची न ठेवता सुरुवातीच्या शब्दांवरून जुळवणारी ठेवावी, आणि तरीही काय नवीन घुसलंय ते डिझमकडून पॅकेजांची यादी काढून एकदा बघावं. काम करायच्या ड्राइव्हवर २५-३० जीबी मोकळी जागा असू द्या.