‘मेरा अस्पताल’: अभिप्रायाची सोय उत्तम, पण ती कुणाला ठाऊक आहे?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2016 साली सुरू केलेली ‘मेरा अस्पताल’ ही सेवा रुग्णाचा अभिप्राय एसएमएस, स्वयंचलित फोन, मोबाइल ॲप आणि संकेतस्थळ अशा चार मार्गांनी घेते. असमाधानाचे कारणही ती विचारते, आणि कर्मचाऱ्यांची वागणूक, स्वच्छता व उपचारांचा खर्च यांची वेगवेगळी नोंद होते, हे मला तिचे सर्वांत मोठे बळ वाटते.

मात्र एसएमएस आणि फोन केसपेपर काढताना नोंदवलेल्या क्रमांकावर येतात, आणि पहिली अडचण तिथेच उभी राहते. माझ्या परिचयाच्या एका सरकारी रुग्णालयात वयस्कर रुग्ण, विशेषतः स्त्रिया, मुलाचा किंवा जावयाचा क्रमांक देतात; त्यामुळे वॉर्डात राहिलेल्या बाईला जे विचारायचे, ते ओपीडीची पायरीही न चढलेल्या माणसाला विचारले जाते, आणि असा काही मार्ग आहे हे तिच्या कानावरही येत नाही. तरुण, शिकलेला रुग्ण ॲप शोधून काढतो. पण ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी भिंतीवरचा फलक असून नसल्यासारखाच आहे. त्याच्यासाठी आवाजी फोन हाच खरा आधार असून ती सोय मला फार मोलाची वाटते.

सेवेला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन. डिस्चार्जच्या वेळी सिस्टरने प्रत्येक रुग्णाला त्याच्या बोलीत ही माहिती तोंडी सांगावी, आणि केसपेपरवर क्रमांक कुणाचा आहे हेही नोंदवावे.