८×४२ दुर्बीण, आठ महिन्यांनंतर: त्या उजव्या रिंगने डोकं उठवलंय

स्पेक्स सगळ्यांना पाठ असतात, ते सोडतो. आठ महिने जवळजवळ रोज सकाळी गळ्यात होती आणि तक्रार एकच, उजव्या डोळ्याची डायॉप्टर रिंग, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवायची कडी. तिला लॉक नाही, पिशवीतून काढली की सरकलेलीच. परवा वाळक्या फांदीवर शिक्रा की पावशा असा घोळ झाला, दोघांचीही पाठ राखाडी, खाली आडव्या पट्ट्या, शेपटीवर पट्टे, खरा फरक चोचीत, शिक्र्याची हुकासारखी वाकडी आणि पावशाची साधी, आणि मला दिसतंय काय तर राखाडी धुकं. डावा डोळा मिटून रिंग जुळवेपर्यंत साहेब उडाले. पाच मिनिटांनी मागच्या झाडावरून 'पेरते व्हा' सुरू झालं, तेव्हा कळलं कोण होतं ते.

सर्व्हिसला पाठवली. तीन आठवडे ठेवून परत, सोबत चिठ्ठी, 'दोष आढळला नाही'. फोन केला तर म्हणे वापराने सैल होतेच, वॉरंटीत बसत नाही, पैसे भरा. कशाला भरू? सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती कापून रिंगवर चढवली, तेव्हापासून जागची हललेली नाही. फुकटात.

त्यामुळे सुरुवातीला दोन स्टार देणार होतो ते आता चार. १०×४२ घेतली नाही याचीही हळहळ होती, पण मित्राची वापरून बघितली तर हात जरा हलला की चित्र नाचतं, आणि गवतात टुणटुण उडणारा वटवट्या काही सापडेना. शिवाय पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिमी भागिले ८ पट म्हणजे डोळ्यात येणारा सव्वापाच मिमीचा प्रकाशझोत, १० वाल्यात ४.२, पहाटे दाट झाडीत हा फरक चांगलाच जाणवतो.

एक मात्र कबूल करतो, महिनाभर मी वंचकाला दोन वेगळे पक्षी समजत होतो, काठावर बसलेला मातकट आणि उडाला की पांढराशुभ्र, त्यात दुर्बिणीचा काय दोष. आणि धोबी, चीरक, वेडा राघू यांना तर ती लागतही नाही, धोबी शेपटी वरखाली हलवत पाण्याकाठी चालतो, चीरक ती उभी धरून दगडावर बसतो, राघू किडा पकडून पुन्हा त्याच तारेवर येतो.

ट्यूबला परवा बारीक चीर दिसली, दुसरी चकती कापून पिशवीत टाकलीय.