व्हॅटिकन म्युझियम: पोपच्या निवडणुकांचं राजकारण पाहायला जाणाऱ्यांसाठी

पाचपैकी चार तारे. रेनेसान्स काळातल्या पोपच्या निवडणुका कशा लढवल्या जात, हे जागेवर जाऊन समजून घ्यायचं असेल तर याहून चांगलं ठिकाण नाही. एक तारा कापला तो माहितीफलकांसाठी. भिंत कोणी रंगवली हे तिथे कळतं. ती रंगवून घेणारा कोणाच्या मतांवर निवडून आला, हे मात्र घरून वाचूनच जावं लागतं.

तिकीट सध्या २० युरो आणि ऑनलाइन आरक्षणाचे वर ५ युरो. हे ५ युरो वाचवू नका, नाहीतर व्हियाले व्हॅटिकानोवरच्या रांगेत अर्धा दिवस जाऊ शकतो. आरक्षण अधिकृत संकेतस्थळावरूनच करा आणि निघण्याआधी दर, वेळा तिथे पुन्हा पाहून घ्या. महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रवेश फुकट असतो, पण त्या गर्दीत या विषयासाठी लागणारं निवांतपण मिळत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. छोटी दुर्बीण जवळ ठेवा. तीन तास तरी काढा.

आत शिरण्याआधी मतांचं गणित पक्कं करा. ११७९ पासून नियम दोन-तृतीयांश मतांचा. मतदार म्हणजे कार्डिनल, चर्चचे सर्वांत वरिष्ठ धर्मगुरू. १४९२ मध्ये असे २३ कार्डिनल होते, म्हणजे जिंकायला १६ मतं. एवढी मतं कुठल्याच एका गटाकडे नसत. मिलान, नेपल्स, फ्रान्स, रोमची ओर्सिनी आणि कोलोन्ना घराणी यांतल्या दोन-तीन गटांची मोट बांधल्याशिवाय पोप होत नसे. मात्र विरोधकाला अडवायला एक-तृतीयांशाहून थोडी जास्त मतं पुरत. म्हणून बलाढ्य उमेदवार एकमेकांना पाडत आणि शेवटी तिसऱ्याचंच नाव पुढे येई. ‘पोप म्हणून आत गेलेला कार्डिनल म्हणूनच बाहेर येतो’ ही रोमची म्हण या गणिताशी चपखल जुळते.

दुसरी गोष्ट ‘अॅक्सेसस’. चिठ्ठ्या वाचून झाल्या आणि कोणालाच पुरेशी मतं पडली नाहीत, तर कार्डिनल उठून उघडपणे आपलं मत दुसऱ्याच्या पारड्यात टाकू शकत. १४५८ मध्ये १८ कार्डिनल होते, गरज १२ मतांची. पिक्कोलोमिनींना ९ आणि फ्रान्सच्या देस्तूतव्हीलना ६ पडली. सगळे गप्प बसले. मग तरुण रोद्रिगो बोर्जा उठला आणि त्याने पिक्कोलोमिनींना मत दिलं. पाठोपाठ अकरावं मत आलं. बारावं द्यायला प्रोस्पेरो कोलोन्ना उठताच दोन कार्डिनलांनी त्याला धरून बाहेर न्यायचा प्रयत्न केला. त्याने ओढाताणीतच ओरडून मत दिलं. पिक्कोलोमिनी दुसरे पायस झाले आणि हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. देस्तूतव्हीलच्या बाजूची खलबतं शौचकुपात चालल्याचंही तेच सांगतात. मतदान पूर्ण गुप्त झालं ते १६२१ नंतर. तोवर कोण कोणाचं मिंधं आहे, हे सगळ्यांना दिसत असे.

आता वाट. चित्रकार राफाएलची दालनं संपली की फाटा येतो. एक पाटी थेट सिस्टिन चॅपेलकडे नेते, दुसरी वाट खाली बोर्जा दालनांकडे जाते. वेळ वाचवायला बहुतेक गटसहली पहिली वाट धरतात. इथेच घात होतो. या विषयासाठी आलेल्याने खाली उतरायलाच हवं. गर्दीप्रमाणे वाटा बदलतात, कधी एखादं दालन बंदही असतं. म्हणून फाट्यावर कर्मचाऱ्याला ‘अप्पार्तामेंतो बोर्जा’ एवढंच विचारा.

पण राफाएलच्या दालनांतून घाईने निघू नका. हेलिओदोरसच्या दालनात हूणांचा राजा अटिलाला परतवणाऱ्या पोप लिओचं चित्र आहे. काम पोप दुसऱ्या ज्यूलियसच्या काळात सुरू झालं; फेब्रुवारी १५१३ मध्ये तो वारला आणि मार्चमध्ये ३७ वर्षांचा जोव्हान्नी दे मेदिची दहावा लिओ म्हणून निवडून आला. नीट पाहा: मेदिचीचा चेहरा चित्रात दोनदा आहे, एकदा पोप म्हणून आणि एकदा मागे कार्डिनल म्हणून. चित्र अर्ध्यावर असताना सत्ता बदलली की काय होतं, ते इथे भिंतीवर दिसतं.

खालची बोर्जा दालनं पिंतुरिक्कियोने १४९२ ते १४९४ मध्ये रंगवली. संतांच्या दालनात छतापासून कडांपर्यंत बैल मोजा. तो बोर्जांचा बैल. पलीकडच्या दालनात पुनरुत्थानाच्या चित्रात सहावा अलेक्झांडर, म्हणजे १४५८ मध्ये उठून उभा राहिलेला तोच रोद्रिगो, जरीचा झगा घालून गुडघ्यावर बसला आहे. मुकुट बाजूला जमिनीवर ठेवलेला आहे. १४९२ च्या त्याच्या विजयामागे उघड घोडेबाजार होता. मिलानच्या अस्कानियो स्फोर्झाला स्वतःला पोप होता येत नाही हे कळल्यावर त्याने आपला गट बोर्जाच्या मागे उभा केला. मोबदल्यात त्याला पोपच्या कारभारातलं उपचान्सलरचं पद, बोर्जाचा रोममधला वाडा आणि नेपीचा किल्ला मिळाला. ओर्सिनी आणि कोलोन्ना कार्डिनलांनाही किल्ले, मठ वाटले गेले. चार खेचरांवर लादून चांदी स्फोर्झाकडे गेली, ही त्या काळच्या एका रोजनिशीतली बातमी. ती ऐकीव म्हणूनच घ्यावी. पदांचं वाटप मात्र पक्कं आहे.

१४९२ मध्ये हरलेला जुल्यानो देल्ला रोव्हेरे १५०३ मध्ये जिंकला. त्याने बोर्जांच्या स्पॅनिश कार्डिनलांची मतं हवीत म्हणून अलेक्झांडरचा मुलगा चेझारे बोर्जा याला सेनापतिपदाचं आश्वासन दिलं. ३१ ऑक्टोबरला दारं बंद झाली, दुसऱ्या दिवशी निकाल लागला. आणि मग दुसरा ज्यूलियस झालेल्या याच माणसाने चेझारेला कैदेत टाकलं. १५०७ मध्ये अलेक्झांडरचं चित्र रोज पाहणं नको म्हणून तो वरच्या मजल्यावर राहायला गेला. राफाएलची दालनं त्यामुळे जन्माला आली. दोन मजल्यांमधला हा जिना हेच या भेटीचं सार आहे. दुर्दैवाने दालनांत मांडलेली आधुनिक चित्रं आणि मंद उजेड यांमुळे बरेच लोक वर न पाहताच पुढे जातात.

सिस्टिन चॅपेलमध्ये बोलायला आणि फोटो काढायला बंदी आहे, म्हणून इथलं सगळं आधीच वाचून ठेवा. सगळ्यांची नजर छताकडे असते. तुम्ही भिंतींकडे पाहा. १५०३ मध्ये छत निळं आणि सोनेरी चांदण्यांचं होतं, मायकेलअँजेलोचं काम १५१२ मध्ये संपलं. इथे पहिली निवडणूक १४९२ मध्ये झाली, पण त्या काळात हा हॉल मुख्यतः कार्डिनलांची झोपायची जागा होता. सुमारे ४० मीटर लांब, १३ मीटर रुंद जागेत लाकडी चौकटींना कापड लावून खोल्या उभ्या करत: दिवंगत पोपने नेमलेल्यांना जांभळं कापड, बाकीच्यांना हिरवं. खोल्या चिठ्ठ्या टाकून वाटत. वेदीकडे तोंड करून उजव्या भिंतीवर वेदीपासून पाचवं चित्र पेरुजिनोचं, ख्रिस्त पीटरला किल्ल्या देतो ते. त्याखालची खोली शुभ मानली जाई. मतदान शेजारच्या संत निकोलसच्या छोट्या चॅपेलमध्ये होई. ते पोप तिसऱ्या पॉलच्या काळात पाडलं गेलं. त्याच्याऐवजी बांधलेलं पाओलिना चॅपेल सर्वसाधारण तिकिटात दाखवत नाहीत. ही या भेटीतली सर्वांत मोठी उणीव. आणि शेगडी, धूर शोधू नका. निकाल कळवणाऱ्या पांढऱ्या-काळ्या धुराची आजची पद्धत विसाव्या शतकातली आहे.

बाहेर पडल्यावर सेंट पीटर्स चर्चमध्ये पोप आठव्या इनोसंटचं ब्राँझचं स्मारक पाहा, प्रवेश फुकट. १४८४ मध्ये निवडणुकीच्या रात्री मतांच्या बदल्यात कार्डिनलांच्या अर्जांवर सह्या करणारा तो हाच. मुख्य वेदीमागे डावीकडे तिसऱ्या पॉलची समाधी आहे, बऱ्याचदा दोराबाहेरूनच पाहावी लागते. गोव्याच्या वाचकाने तिथे थांबावं: गोव्याचा धर्मप्रांत सातव्या क्लेमेंटने १५३३ मध्ये मंजूर केला, पण आदेश निघण्याआधीच तो वारला. १३ ऑक्टोबर १५३४ ला तिसरा पॉल निवडून आला आणि ३ नोव्हेंबरला त्याने तो आदेश काढला.

पाय शाबूत असतील तर नदी ओलांडून बांकी गल्ल्यांमध्ये जा. इथल्या सावकारांकडे पोप कोण होणार यावर पैजा लागत आणि भाव रोज बदलत. चौदाव्या ग्रेगरीने १५९१ मध्ये त्यावर बंदी घातली. तिथून जवळच कोर्सो व्हित्तोरियोवर स्फोर्झा-चेझारीनी वाडा आहे, १४९२ च्या सौद्यात दिलेला तोच. आत जाता येत नाही आणि दर्शनी भाग नंतरच्या काळातला आहे.