सनस्क्रीन चांगलं, झाकण भिकार: दिवाळीपासूनचा अनुभव

याही ट्यूबचं झाकण तुटलं, म्हणून लिहायला बसले. एसपीएफ 50 वगैरे डब्यावर आहेच. क्रीम चिकट नाही, चेहरा पांढराफटक दिसत नाही, भुसावळच्या घामातही डोळ्यांत उतरत नाही. दिवाळीनंतर लावायला लागले तेव्हा मला हीच खरी परीक्षा वाटली होती. आता वाटत नाही. खरी परीक्षा रोज लावलं जातं का, ही.

आपल्याकडे चटका बसला की ऊन आठवतं. पण चटका उष्णतेचा. त्वचा काळवंडवणारे अतिनील किरण अंगाला गरम लागत नाहीत. त्यामुळे पौषाच्या थंडीत स्वेटर-स्कार्फ घालून निघताना क्रीम हमखास राहायचं. तिथे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाची ‘जर-तर’ पद्धत कामी आली. ‘उद्यापासून नक्की’ असं ठरवायचं नाही. ‘स्कूटीची चावी घ्यायची वेळ झाली की आधी क्रीम’ असं ठरवायचं. ट्यूब चावीच्या खुंटीखालीच ठेवली. फिलिपा लॅली यांच्या लंडनमधल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला 18 ते 254 दिवस असा अंदाज निघाला, मधला आकडा 66. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. संक्रांत उलटेपर्यंत माझा हात आपोआप ट्यूबकडे जायला लागला.

घोडं अडलं ते दुपारी. उन्हात असलं की दर दोन तासांनी परत लावायचं असतं. शाळेत मधल्या सुट्टीत डबा खाऊन हात धुतले की लावायचं, असं बांधून घेतलं आणि छान चाललं. मग हे झाकण! बिजागरी केसाएवढी. एका बाजूने तुटली, क्रीम पर्समध्ये ओघळलं, हजेरीच्या वहीला तेलकट डाग. रबरबँड लावून पाहिला. तो काढा, परत गुंडाळा, एवढ्याशा खोळंब्याने दुपारचं लावणं बंद पडलं.

कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं, झाकण वेगळं मिळत नाही, नवीन ट्यूब घ्या. चेहरा-मानेला दोन बोटं भरून दोनदा लावलं तर 50 ग्रॅम महिनाभरही पुरत नाही. दर महिन्याला पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला साधं झाकण देता येत नाही, याचा मला मनापासून संताप आहे.

क्रीमला पाचपैकी चार. तरी परत घेणार नाही. आता पंपाची बाटली आणली आहे, जरा महाग पडली. पण एका हाताने दाबता येते, आणि मधल्या सुट्टीतलं लावणं परत सुरू झालंय. सनकोट आणि स्कार्फ मात्र सोडू नका.